एक दिवा, सहा मजले

आपल्याला आयुष्यात कुणाचा हेवा वाटला नाही, असं लिफ्टवाला चारचौघांत छातीठोक सांगायचा. फक्त सांगता सांगता मध्येच साडूचा विषय निघाला, की हातातला कप बशीवर जरा जोरात टेकायचा आणि चहा बशीत सांडायचा.

साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बुटांच्या दुकानात विक्रेता होता. दिवसभर लोकांच्या पायाशी उकिडवा बसून त्यांना बूट चढवायचा, आणि एक जोड बघायला आलेलं गिऱ्हाईक उठताना दोन जोड घेऊन उठायचं, वर त्याचेच आभार मानायचं. जिभेवर लोणी आणि डोक्यावर केसांचं रान. लिफ्टवाल्याचं कपाळ मागे सरकत सरकत केव्हाच टाळूपर्यंत पोचलं होतं. सासुरवाडीत तर वाटणीच ठरून गेलेली. नळ गळायला लागला, कुलूप अडकलं, पंखा घरघरायला लागला की फोन थोरल्या जावयाला. घरात चार माणसं जमली, हसायचं-खिदळायचं असलं की धाकट्याला. थोरला स्टुलावर चढून पंखा उघडायचा आणि खाली धाकट्याच्या किश्श्यावर सासूबाई डोळ्यांतलं पाणी पुसायच्या. "अहो, वरून तो स्क्रू पडला बघा," एवढंच त्यांचं थोरल्याशी बोलणं.

लिफ्टचं कामही तसलंच. लिफ्ट चालू असते तोवर ती दुरुस्त करणारा कुणाच्या खिजगणतीत नसतो. बंद पडली की सगळी इमारत त्याच्या नावानं खडे फोडते. ग्रीस माखलेल्या हातांनी अंधाऱ्या खोबणीत उभं राहायचं, वर पाहिलं तर दोरखंड, खाली पाहिलं तर खड्डा. एकेक मजला डोळ्यासमोरून जातो तो पाठीमागून, नुसत्या विटा आणि दाराची उलटी बाजू.

असाच एकदा तो वाचनालयाची पुस्तकांची लिफ्ट दुरुस्त करायला गेला. लहानशी, कपाटाएवढी लिफ्ट. तळघरातून पुस्तकं वर पाठवायची. तिच्यात डोकं खुपसून तो पट्टा ताणत होता, तर वरच्या खोलीतून माणसं हसल्याचा आवाज त्या खोबणीतून खाली आला. काम संपवून वर गेला आणि दारात उभा राहिला. सात-आठ जण कॉम्प्युटरसमोर बसलेले. एक आजीबाई, एक नर्स, दोन कॉलेजातली पोरं, असले. फळ्यावर लिहिलं होतं, 'रुबी शिका, खेळ बनवा.'

"लिफ्ट झाली का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. त्याच शिकवत होत्या.

"झाली. हे काय चाललंय?"

"रुबी. कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. बसा ना, एक खुर्ची रिकामी आहे."

हात पुसून तो बसला तो बसलाच. बाईंनी एक ओळ लिहून दाखवली. सहा डॉट टाइम्स डू. सहा वेळा कर. त्याला वाटलं, अरे, आपण हाताखालच्या माणसाला सांगतो तसंच आहे की हे. फरक एवढाच की हा गडी उलट बोलत नाही, तंबाखू मागत नाही, आणि सांगितलं तेवढंच करतो. घरी जाताना तो जिन्यावरून एकटाच हसत उतरला. किती वर्षांनी असं एक काहीतरी सापडलं होतं, जे साडूकडे नव्हतं.

बायकोला त्यानं जेवताना सांगितलं. ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला. दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहून चादरी काढायची, आणि घरी येऊन कुठेही टेकली की डोळे मिटायचे. बसमध्ये झोपायची, टीव्हीसमोर झोपायची, एकदा नवऱ्याशी भांडता भांडता झोपली होती.

"शिकून करणार काय?" ती म्हणाली.

"खेळ बनवणार. तू खेळायचं."

"मी?" तिला हसू आलं. "बरं. बनवा. खेळेन."

झालं. माणसाला धरून बसायला एवढं पुरतं. आपला खेळ आपली बायको खेळेल, शेवटपर्यंत खेळेल, डोळे उघडे ठेवून खेळेल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. नोकरीवर खोबणीत उभा असतानाही तो मनातल्या मनात ओळी लिहायचा.

पहिला खेळ साधाच झाला. चेंडू आणि फळी. मोठ्या हौसेनं त्यानं लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. "छान आहे हं," ती म्हणाली, आणि बटणावर बोट ठेवूनच तिचा डोळा लागला. फळी घसरत घसरत कडेला जाऊन चिकटली. चेंडू पडत राहिला. त्यानं हळूच तिचं बोट उचलून लॅपटॉप मिटला. दमलीय बिचारी, असं म्हणाला स्वतःशी. पण मनातून खट्टू झाला.

तिच्याकडून चूक म्हणावी तर तीही चांगल्या मनानं झाली. बहिणीला फोनवर कौतुकानं सांगून बसली, "अगं, हे खेळ बनवायला शिकतायत!" पुढच्या वर्गाला लिफ्टवाला पोचला, तर त्याच्या शेजारच्या खुर्चीत साडू. बूट असे चकचकीत की छताचा पंखा त्यात फिरताना दिसावा.

"साडूभाऊ! एकट्यानं शिकताय होय? आम्हाला सांगायचं नाही?"

"तुला कुठे वेळ असतो," लिफ्टवाला म्हणाला. त्यानं आपली खुर्ची जरा पलीकडे सरकवली.

साडूला लाज नावाची वस्तू नव्हतीच. जे कळायचं नाही ते भर वर्गात विचारायचा. "बाई, हे प्रत्येक ठिकाणी एंड, एंड, एंड किती वेळा लिहायचं? आमच्या दुकानात एकदा शटर ओढलं की संपतं!" वर्ग हसायचा, बाई हसायच्या, आजीबाई त्याला गोळ्या द्यायच्या. कोडमध्ये त्यानं नावं ठेवलेली 'टाच', 'अंगठा' आणि 'नऊ_नंबर'. ओळी वाटेल तशा आत-बाहेर, पावसाळ्यात दोरीवर टाकलेल्या कपड्यांसारख्या. लिफ्टवाल्याचं तसं नव्हतं. तो पुस्तक आणून, एकेक ओळ समजून, नीट समास सोडून लिहायचा. कुणाला काही विचारायचा नाही. विचारलं तर आपल्याला येत नाही हे दिसेल, आणि साडूसमोर ते दिसणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

मग त्यानं मोठा खेळ काढला. इमारतीचा. इमारती त्याला तोंडपाठ. सहा मजले, प्रत्येक मजल्यावर सहा खोल्या, प्रत्येक खोलीला खिडकी. ज्या खिडकीतून हाक येईल तिथला दिवा खेळणाऱ्यानं लावायचा. इमारत उभी करायला त्यानं सरळ हिशेब केला. मजले काय, सगळे एकसारखेच असतात, आयुष्यभर बघत आलोय. एक मजला करायचा आणि सांगायचं, असे सहा. एकाच ओळीत इमारत उभी राहिली. स्वतःवरच खूश झाला.

वर्गात त्यानं तिसऱ्या मजल्यावरचा दिवा लावून पाहिला. सहाही मजल्यांवर, त्याच उभ्या रेघेतले सगळे दिवे भस्सकन लागले.

विझवला, तर सगळे विझले. दुसरा लावला, पुन्हा सगळे. तास निघून गेला. त्यात साडू खुर्ची सरकवत आला आणि पडद्यावर वाकला.

"हे काय, भूत शिरलंय काय इमारतीत?"

"काही नाही. बिघडलंय."

"लावा की अजून एक. आयला, एक लावला की वरपासून खालपर्यंत! साडूभाऊ, हे भारी आहे!"

"भारी काय त्यात? चुकलंय ते."

"मग मला द्या ना हे. असंच्या असं."

लिफ्टवाल्याला वाटलं, हा आपली टर उडवतोय. त्यानं फाइल त्याच्या पेनड्राइव्हवर फेकल्यासारखी टाकली. "घे. कचराच आहे. मला काय करायचाय."

साडू निघून गेल्यावर त्यानं जीव मुठीत धरून ग्रंथपालबाईंना विचारलं. त्यांनी ओळ वाचली आणि त्यांना हसू फुटलं. "अहो, तुम्ही सहा मजले बांधलेच नाहीत. एकच मजला बांधलात आणि सहा ठिकाणी त्याची पाटी लावलीत. खाली दिवा लावा नाहीतर वर, खोली तीच. इथे महिरपी कंसाची जोडी घाला, म्हणजे दर वेळी नवा मजला तयार होईल." त्यानं कंस घातले. दिवे शहाण्यासारखे एकेक लागायला लागले. खेळ बिनचूक झाला. घरी बायकोनं चार दिवे लावले, पाचव्याला जांभई दिली आणि सहाव्याला मान टाकली.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी साडूच्या घरी जेवायला गेले. जेवणं झाली तशी मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, ह्यांचा खेळ बघितलात का? ताई, तू बस, तूच खेळ."

पडद्यावर सहा मजल्यांची इमारत. रंग भडक, खिडक्या वाकड्यातिकड्या. आत एक मांजर हिंडतंय, त्याला गच्चीवरच्या मालकिणीकडे न्यायचं. मांजर उजेडाला भितं, म्हणून दिवे लावून त्याला हुसकत न्यायचं. पण एक दिवा लावला की त्या रेघेतला वरपासून खालपर्यंत प्रत्येक दिवा लागतो, आणि कुठल्यातरी खोलीत एक आजोबा झोपलेले असतात. त्यांच्यावर उजेड पडला की ते काठी घेऊन उठतात, की खेळ खलास.

लिफ्टवाला दोन मिनिटं नुसता बघत राहिला. इमारत त्याची. ती ओळ त्याची, तो मूर्खपणा त्याचा, आणि त्यावर हे मांजर शेपटी उभारून चालत होतं.

"अगं बाई, तिकडे नको! तिकडे नको मेल्या!" बायको ओरडत होती. खुर्चीच्या टोकाला आली होती. पुढ्यातला चहा थंड झाला, त्यावर साय धरली, तरी तिचं लक्ष नाही. आजोबा उठले तशी तिनं कपाळावर हात मारला आणि पुन्हा सुरू केला. "पाहुणे, तुमच्या आजोबांना जरा झोपेची गोळी द्या हो!"

"ताई, गोळी देतो, पण मग तुम्ही आमच्याकडे परत येणार नाही!"

सगळे हसले. लिफ्टवालाही हसला. हसताना दातावर दात घासल्याचा आवाज फक्त त्यालाच ऐकू आला. बायकोला असं टक्क जागं त्यानं लग्नानंतर बघितलं होतं की नाही, आठवेना.

त्या दिवसापासून मांजर घरात आलं. साडूनं खेळ त्यांच्या लॅपटॉपवर टाकून दिला. ती कामावरून यायची, पाय बादलीतल्या गरम पाण्यात सोडायची आणि मांजर चालू. लिफ्टवाला स्वयंपाकघरात भांडी विसळत बाहेरचं ऐकायचा. ती हसली की त्याच्या हातातून चमचे निसटायचे. कितीदा ओठांवर आलं, अगं, ती इमारत माझी आहे! पण मग सांगावं लागलं असतं की ती चुकून तशी झाली, आपल्याला ते कळलंही नाही, आणि साडूनं हात पुढे केला तेव्हा आपण कचरा म्हणून ती देऊन टाकली. खेळ आपला म्हणायचा तर मूर्खपणाही आपला म्हणावा लागणार. त्यापेक्षा तो विसळलेली भांडी पुन्हा विसळायचा.

वर्गाच्या शेवटी एक कार्यक्रम होता. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत, घरच्या माणसांसमोर, प्रत्येकानं आपला खेळ दाखवायचा. दोन दिवस आधी साडू पेनड्राइव्ह घेऊन आला.

"साडूभाऊ, मांजराला आवाज दिलाय आता. जरा नजर टाकता का? तुमचं काम स्वच्छ असतं. माझ्या कोडमध्ये माझंच मला सापडत नाही. परवा दाखवायचंय, उद्या संध्याकाळी येऊन घेऊन जाईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टवाला घरी एकटाच होता. त्यानं साडूचं कोड उघडलं. 'टाच', 'अंगठा', सगळा बाजार. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, अक्षर न अक्षर त्याची स्वतःची ती ओळ. एक मजला, आणि असे सहा. समास सोडून नीट लिहिलेली, उकिरड्यात पडलेल्या स्टीलच्या वाटीसारखी.

चूक आहे ही, तो म्हणाला. चूक दिसली की दुरुस्त करायची, आपलं कामच ते. त्यानंच नजर टाका म्हणून सांगितलंय. बाईंना विचारा, पुस्तकाला विचारा, कुणीही हेच सांगेल. असं स्वतःला पटवत पटवत त्यानं महिरपी कंसाची जोडी घातली. खेळ चालवून बघितला. एक दिवा लावला, एकाच खोलीत लागला. आजोबा घोरत राहिले. मांजर बसल्या जागी बसून राहिलं. त्यानं फाइल पेनड्राइव्हवर उतरवली आणि हात धुतले. हात काही खराब झाले नव्हते.

संध्याकाळी बायको आली. "नवा आला ना? आवाजाचा?" म्हणत तिनं बादली ओढली आणि बसली. लिफ्टवाला कांदा चिरत होता. बाहेर मांजर एकदा म्याव म्हणालं, मग बराच वेळ काही नाही.

"अहो, हे काय झालंय? एकेकच दिवा लागतोय. आजोबा उठतच नाहीत." थोड्या वेळानं, "मजाच गेली की." आणखी थोड्या वेळानं काहीच नाही. तो चाकू घेऊनच दारात आला. ती खुर्चीत मान टाकून झोपली होती. पाय बादलीत, बोट बटणावर. पडद्यावर दिवे शहाण्यासारखे एकेक लागलेले.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. साडू दुकान आटपून तसाच आला होता. बायको दचकून जागी झाली.

"पाहुणे, तुमचं मांजर बिघडलं हो!"

साडूनं बघितलं. दोन दिवे लावले, चार लावले. तोंड उतरलं त्याचं. "आयला. आवाज टाकताना माझाच कुठेतरी हात लागला असणार." उभ्या उभ्याच त्यानं केसांतून हात फिरवला. "उद्या दाखवायचंय. साडूभाऊ, तुम्हीच बघा आता. मला काही सुधरणार नाही."

लिफ्टवाला खुर्चीत बसला. दोघं त्याच्या दोन खांद्यांवरून वाकली. त्यानं जरा इकडेतिकडे शोधल्यासारखं केलं, मग त्या ओळीवर आला, कंस खोडले आणि खेळ चालवला. एक दिवा लावला. भस्सकन सहा मजले उजळले, आजोबा काठी घेऊन उठले.

"वा!" साडूनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "दोन मिनिटांत! ह्याला म्हणतात हात!"

"यांना जमतं हं सगळं," बायको म्हणाली. असा आवाज तिनं आजवर साडूसाठी राखून ठेवला होता. "मी म्हटलं नव्हतं? यांना काहीही द्या."

हेच तर हवं होतं त्याला. इतके महिने ह्याच एका वाक्यासाठी जीव टाकला होता. आणि ते वाक्य आता कानात पडलं, तर उष्ट्या ताटासारखं वाटलं. थांबायचं होतं, पण जीभ थांबली नाही.

"मीच बिघडवलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"दुपारी. कंस मी घातले. मुद्दाम." मग एकदा सुरू झाल्यावर सगळंच बाहेर आलं. "ती ओळ माझी आहे. ती इमारत माझी आहे. माझ्या हातून चुकली होती, मला कळलंच नाही तिचं काय करायचं ते. ह्याला कळलं."

साडू हसला नाही. लिफ्टवाल्यानं त्याला न हसता कधी पाहिलं नव्हतं. तसा तो जरा म्हाताराच दिसला.

"नजर टाका म्हणालो होतो," साडू म्हणाला. त्यानं पेनड्राइव्ह घेतला, त्यात दुरुस्त फाइल आहे ना ते दोनदा बघून घेतलं, आणि दाराशी जाऊन चकचकीत बुटांत पाय घातले. जिना अर्धा उतरला असेल, तेव्हा खालून आवाज आला. "उद्या वेळेवर या! दिव्यांचं लोकांना तुम्हालाच सांगावं लागेल, मला ते अजून कळलेलं नाही."

म्हणजे भर सभेत आपली चूक आपल्याच तोंडानं सांगायची. लिफ्टवाल्याला वाटलं, ह्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढंही देत नाही. ह्या बाबतीतही हाच वरचढ.

दार लावून तो वळला. बायको त्याच्याकडे बघत उभी होती, ओल्या पायांनी.

"जळता तुम्ही त्याच्यावर."

"हो."

"कधीपासून?"

"त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हापासून. केस बघूनच."

तिला हसू आलं, तिनं ते दाबलं. "आणि इमारत तुमची आहे हे मला सांगायला काय झालं होतं?"

तो पडद्याकडे बघत राहिला.

"सरका," ती म्हणाली. त्याला उठवून स्वतः बसली, बादली पायानं जवळ ओढली. मांजर म्याव करून निघालं. तिनं एक दिवा लावला आणि खालपासून वरपर्यंत उजेड चढताना ती बघत राहिली, दुसरा लावायची घाई तिनं केली नाही. तो स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला. शेवटी राहवलं नाही.

"दिवे कसे वाटतात?"

"गप्प बसा हो," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आजोबा उठतील."